पत्र्याची पाठ

१३ एप्रिल १९८६

उशिरा लिहायला घेतले याबद्दल आधी माफी. कोणाची मागतो आहे हे मलाही ठाऊक नाही, पण ही डायरी भिरूड साहेबांनी जानेवारीतच हातात दिली होती आणि म्हणाले होते, "नाना, रोज दोन ओळी लिहीत जा, कामाला येतं." साडेतीन महिने पाने कोरी राहिली. चौथी पास माणसाने काय लिहायचे, अक्षर बिघडले तर, कोणी वाचले तर, अशी भीती वाटत राहिली. आज रविवार आहे, कारखाना बंद आहे आणि मला करमत नाही.

मी पुना भिका सोनवणे, मूळ एरंडोलचा. वय पासष्ट, कदाचित सदुसष्ट. चाळीस वर्षे भांड्यांना कल्हई केली. भाता आणि कथील घेऊन गावोगाव फिरलो. मग घरोघरी स्टीलची भांडी आली आणि लोक मला ओट्यावरून परत पाठवू लागले. आमचे शेठ एरंडोलचेच. त्यांच्या आईची पातेली मी वर्षानुवर्षे उजळली. जळगावला रंगाचा कारखाना काढल्यावर त्यांनी मला बोलावून घेतले. म्हणाले, "नाना, पातळ थर सारखा द्यायला तुमच्याइतका हात मशीनलाही नाही."

कारखान्यात एक नवा लेप बनतो. तापलेल्या लोखंडावर लावायचा, म्हणजे आतली धग बाहेर येत नाही असे म्हणतात. तो खरेच किती धग अडवतो हे मोजणारे भिरूड साहेब. पत्र्यांवर लेप देणारा आणि घड्याळ धरून बसणारा मी. राहायला कारखान्याच्या आवारातच खोली आहे. भाडे नाही. संध्याकाळी सातला फाटकाला कुलूप लागते ते सकाळी सातला निघते. कधी कधी वाटते, आपण कोंडलेलो आहोत. मग वाटते, असे म्हणणे बरे नाही, पोटाला मिळते आहे.

१५ एप्रिल

मोजायचे कसे ते लिहून ठेवतो, विसरलो तर उपयोगी पडेल.

वीतभर पत्रा. खाली विजेच्या शेगडीची तार, पत्रा तिच्यापासून चार बोटे उंच. पत्र्याच्या वरच्या अंगाला लेप, कागदाइतका पातळ. लेपावर एका तारेचा बारीक मणी टेकवलेला असतो, त्याची दुसरी बाजू उष्णता दाखवणाऱ्या काट्याच्या डब्याला. शेगडी लावायची, घड्याळ सुरू करायचे आणि काटा एकशेवीसवर पोचायला किती मिनिटे लागतात ते लिहायचे. जितका उशीर तितका लेप चांगला. मोजताना पंखा बंद, खिडकी बंद, दार बंद. वाऱ्याची झुळूक आली तरी काटा डुलतो.

मी येण्याआधी नुसते कोरे पत्रे मोजून ठेवले होते, त्यांना सात मिनिटे लागत. माझ्या लेपाच्या पत्र्यांना साडेसात. अर्ध्या मिनिटासाठी एवढा कारखाना! भिरूड साहेब दुपारचा डबा तसाच परत नेतात. शेठ काल त्यांना म्हणाले, "साहेब, सहा महिने झाले. मी अर्धं मिनिट विकू का बाजारात?"

आज बाहेर त्रेचाळीस होते. आत किती ते मोजले नाही. झाडलोट आणि चहा बघणाऱ्या सुंदरबाईंनी दार ठोठावले.

"नाना, दार उघडा ना. आत मानूस शे का भट्टी शे?"

"दार उघडलं की काटा हलतो, सुंदरबाई."

"काटाले लई जपतस! बठ्ठा कारखाना पंखाखाले बसस, नि म्हातारा तेवढा कोंडेल ऱ्हास."

चहा दाराशी ठेवून गेल्या. मी बाहेर येईपर्यंत तो थंड झाला असेल असे वाटले होते. गरमच होता.

१९ एप्रिल

आज फार चांगला दिवस. लिहायला भीती वाटते, कारण चांगले लिहिले की बिघडते असा माझा अनुभव आहे.

बुधवारी नवे पत्रे आले. वरून ठीक, पाठीमागून गंजके. लेप वरच्या बाजूलाच द्यायचा असतो, पाठीकडे कोणी बघत नाही. पण माझ्या हातून तसे होईना. चाळीस वर्षांत एक बाजू उजळ आणि दुसरी काळी अशी वस्तू मी कोणाला दिली नाही. बायका पातेले आधी उलटे करून बघायच्या आणि मग तोंडाकडे बघायच्या. म्हणून गुरुवारी सकाळी पत्रे आम्लाने धुतले, भट्टीवर तापवून नवसागर टाकला आणि पाठीला कथलाचा हात फिरवला. लोखंड कथील सहज धरत नाही, पण धरले. ट्रंकेत कथलाच्या जुन्या कांड्या पडून होत्याच. मग वरच्या बाजूला लेप दिला. हे कोणाला सांगण्यासारखे नव्हते. हात पुसल्यासारखे ते.

काल आणि आज मोजले. पहिला पत्रा तेरा मिनिटे. मला वाटले घड्याळ बिघडले. दुसरा साडेतेरा. तिसरा साडेतेरा. भिरूड साहेबांनी स्वतः घड्याळ हातात घेऊन चौथा मोजला. तेरा मिनिटे चाळीस सेकंद. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"नाना, लेपात काही वेगळं केलं?"

"नाही साहेब. तोच डबा, तोच ब्रश."

ते खरेच होते. लेपात मी काहीच केले नव्हते.

निवल्यावर त्यांनी एक पत्रा उचलून उलटा केला, पाठीवर अंगठा घासला, माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. "छान चमकतोय," म्हणाले आणि पत्रा होता तसा ठेवून दिला. एवढ्या शिकलेल्या माणसाने माझ्या हाताची कदर केली, मला बरे वाटले. त्यांनी आज डबा संपवला.

२७ एप्रिल

आठवडाभर लिहायला सवड नव्हती. वीस पत्रे मोजले. एकही बारा मिनिटांच्या खाली नाही. प्रत्येक कागदावर भिरूड साहेबांची सही आणि त्याखाली 'मोजणार' म्हणून माझी. आयुष्यात मी इतक्या सह्या कधी केल्या नव्हत्या. विसावी पहिलीपेक्षा पुष्कळ चांगली आली.

शेठने पेढे वाटले. दोंडाईच्याच्या एका तेल गिरणीने बॉयलरच्या तोंडाला हा लेप लावायचे ठरवले आहे. त्याच गिरणीत आमचे जावई यादवराव बॉयलरवर फायरमन आहेत. माझी एकुलती एक मुलगी मंजुळा त्यांना दिली आहे. मी दचकलोच. शेठ हसत हसत सांगत होते, "गिरणीवाला म्हणाला, कागद सगळेच दाखवतात हो. मी म्हटलं, सही कोणाची आहे ती वाचा. तुमच्या फायरमनचे सासरे आहेत ते! सासरा जावयाला चटका देईल का? तिथल्या तिथे होकार दिला त्याने."

सगळे हसले. मीही हसलो. नंतर खोलीवर आल्यावर छातीत धडधडत राहिले. उगाचच. मला पेढासुद्धा धडधडवतो.

६ मे

काल पॅसेंजरने दोंडाईच्याला जाऊन आलो. लेप लावताना हात माझाच असावा असे शेठचे म्हणणे होते. गिरणी आठ दिवस दुरुस्तीसाठी बंद होती, बॉयलर थंड होता.

बॉयलरच्या तोंडाशी अॅस्बेस्टॉसचा जाड पडदा टांगलेला असतो. फायरमनने तो दर खेपेला बाजूला सारायचा, कोळसा टाकायचा, परत ओढायचा. गिरणीवाल्याला तो नको आहे. म्हणतो, त्याने निम्मा वेळ जातो. लेप लागला की पडदा काढायचा. मी विचारले, "राहू दिला तर?" तो म्हणाला, "अहो, तेरा मिनिटं तुम्हीच मोजलीत ना?"

लोखंडी दाराला आणि पुढच्या पत्र्याला बाहेरून तीन हात दिले. यादवराव जवळ उभे राहून बघत होते. एवढा आडदांड माणूस, पण माझ्याशी बोलताना आवाज खाली आणतो.

मी म्हणालो, "यादवराव, पहिले काही दिवस जरा लांबूनच."

"नाना, तुमना हातना रंग शे, तुमनी सही शे कागदवर. आते कसानी भीती?"

"तरी पण."

"पडदा गया म्हंजे मना खांदा तरी वाचतीन. दिवसमा दोनशे दाव तो वढना पडस."

मंजुळाने शेवभाजी केली होती. जेवताना ती म्हणाली, "आबा, शेजारी सगळ्यांना सांगते मी, माझ्या आबांचा रंग आहे म्हणून." मी हातातला घास परत ताटात ठेवला. तिला वाटले, तिखट लागले. पाणी दिले. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आबांसाठी कमी तिखट करायचं, तर तुम्ही डोळे वटारता." ते म्हणाले, "जावई मी शे का ते?" सगळे हसले.

मला का असे होते? काही वाईट झालेले नाही. लेप चांगला आहे. वीस कागद आहेत.

१२ मे

हाताला काही झाले आहे.

ट्रंकेतले कथील एप्रिलअखेर संपले. बाजारात भाव विचारला आणि परत आलो. म्हटले, आता पाठी राहिल्या काळ्या तर राहू देत, मोठी ऑर्डर लागून गेली आहे. आज त्या काळ्या पाठीच्या पत्र्यांवर लेप देऊन मोजले. पहिला साडेसात मिनिटे. दुसरा सात मिनिटे वीस सेकंद. तिसरा साडेसात.

दार बंद होतेच. दुसऱ्या डब्यातला लेप घेतला, तेच. ब्रश बदलला, तेच. माझ्या बोटांचा अंदाज गेला असेल. नजर गेली असेल. लेप जुना झाला असेल. मग दोंडाईच्याला लावला तो कुठल्या डब्यातला होता? आठवेना. डब्यावरचा आकडा लिहून ठेवायला हवा होता. मी लिहिला नाही.

भिरूड साहेब आज आले नव्हते. बरे झाले. नाही, वाईट झाले.

१३ मे

चार पत्रे. सगळे साडेसात. जेवलो नाही.

१५ मे

आज लिहिलेच पाहिजे.

काट्याचा डबा साहेबांनी काल आपल्या कपाटात कुलपात ठेवला होता. सुचत काही नव्हते. मग ऑफिसात पार्सलांना लावतात ती लाख आठवली. चार पत्रे घेतले. एक नुसता कोरा. एक लेपाचा, काळ्या पाठीचा. एक लेपाचा, एप्रिलमधला, उजळ पाठीचा. चौथा असाच, हाताला चाळा म्हणून: उजळ पाठीचा, पण लेप नसलेला. तो एप्रिलमध्येच लेप द्यायचा राहून गेला होता. प्रत्येकावर लाखेचा खडा ठेवला, एकेक शेगडीवर धरला आणि खडा पसरायला लागेपर्यंत भिंतीवरच्या घड्याळात बघत बसलो.

कोरा: चार मिनिटे. लेपाचा काळ्या पाठीचा: सव्वाचार. उजळ पाठ आणि लेप: नऊ. उजळ पाठ, लेप नाही: साडेआठ.

तीनदा केले. तीनदा तेच.

म्हणजे धग लेपाने अडवलीच नव्हती. खालून येणारी धग माझ्या कथलाने परतवली होती. चकचकीत भांडे चुलीवर उशिरा तापते आणि काळे पातेले लवकर, हे मला लहानपणापासून माहीत आहे. घरच्या बाईलाही माहीत असते. पण मोजायला बसलो तेव्हा मी पत्र्याकडे भांडे म्हणून पाहिलेच नाही. पाठ म्हणजे फक्त नीटनेटकेपणा, असे डोक्यात होते.

दोंडाईच्याच्या बॉयलरच्या आतल्या अंगाला कथील नाही. तिथे फक्त लेप आहे. पाव मिनिटाचा. आणि पडदा निघाला असेल.

१६ मे

भिरूड साहेबांना सांगितले. सगळे, जसे झाले तसे.

ते खुर्चीत बसून ऐकत होते. मला वाटले होते ओरडतील, पण ते ओरडले नाहीत. मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत राहिले, टोक झाले तरी करत राहिले.

"नाना, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"साहेब, तुम्ही लेपाचं विचारलंत. पाठीचं नाही विचारलंत."

पेन्सिलीचे टोक मोडले. उठून त्यांनी दार लावले. म्हणाले, "शेठला एवढ्यात काही बोलू नका. माझं लग्न ठरलंय, नाना. हे असं तोंडावर... पुन्हा एकदा व्यवस्थित मोजू, मग मीच सांगतो."

"पण दोंडाईच्याला..."

"तिथे रोज तपासणी होते. आणि लेप अगदीच काही करत नाही असं थोडंच आहे?"

मोठ्या मनाचा माणूस. मला एका शब्दानेही दोष दिला नाही. मी म्हणालो, सोमवारपासून मोजू. ते हो म्हणाले.

१९ मे

साहेब पुण्याला गेले. काट्याचा डबा तपासून आणायचा आहे म्हणून बरोबर घेऊन गेले. मी म्हणालो की डबा बरोबर चालतो. ते म्हणाले, खात्री केलेली बरी. आठ-दहा दिवस लागतील. जाताना मोजायच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "मी येईपर्यंत इथून हलू नका. सगळे पत्रे तुमच्या ताब्यात आहेत."

फाटकावरच्या माणसालाही तसेच सांगून गेले.

दुपारी ऑफिसातून दोंडाईच्याच्या गिरणीला फोन लावून मागितला. दीड तासाने लागला. मुनीम बोलत होते.

"पडदा? अहो, तो केव्हाच उतरवला. मालक खुश आहेत. कोळसा झपाझप पडतो."

"तो परत टांगा म्हणावं. यादवरावांना सांगा, नानांनी सांगितलंय."

"का हो? काय झालं?"

समोर आमचे शेठ येऊन बसले होते. वर्तमानपत्र वाचत होते. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"काही नाही," मी म्हणालो. "सहज. उन्हाचं जपून राहा म्हणावं."

मुनीम हसले. "बॉयलरवाल्याला उन्हाचं काय सांगता, नाना!"

फोन ठेवला. गाडी आहे. किल्ली सुंदरबाईंकडे देऊन पहाटेच्या पॅसेंजरने जाता येईल. फाटकावरचा माणूस मला काही दोरीने बांधून ठेवणार नाही. मग मी का जात नाही? कारण मंजुळाच्या तोंडासमोर उभे राहून सांगावे लागेल. ती शेजाऱ्यांना सांगत सुटली आहे. त्यापेक्षा आधी नीट मोजतो. लाखेवर दहा-बारा वेळा मोजून कागद करतो आणि तो शेठसमोर ठेवतो. कागद असला की तोंड उघडावे लागत नाही. तोवर चार दिवसांत काय होणार आहे?

२३ मे

तीन दिवस अंथरुणावर आहे. हेही पडूनच लिहितो.

परवा सकाळपासून दार-खिडकी लावून लाखेवर मोजत होतो. बाहेर सेहेचाळीस होते म्हणे. अकरावा पत्रा लिहून झाला आणि पुढचे आठवत नाही. सुंदरबाई म्हणतात, चहा घेऊन आल्या, आतून उत्तर नाही, तेव्हा फाटकावरच्या माणसाकडून दार तोडवले. मी शेगडीशेजारी पडलो होतो. ग्लानीत त्यांच्यापाशी पाठीचे, फोनचे सगळे बडबडलो म्हणे. डॉक्टरांनी सलाईन लावले. आठवडाभर उठायचे नाही, उन्हात पाऊल टाकायचे नाही. काल उठून पाहिले, दारापर्यंत गेलो आणि चौकट धरून खाली बसलो.

कागद मात्र झाला आहे. अकरा पत्रे. सुंदरबाईंनी तो माझ्या उशाखाली ठेवला आहे. शेठ मुंबईला गेले आहेत.

मंजुळाचे कार्ड आले. कालच आले होते, मला आज दिले. बरे वाटले. सगळे खुशाल आहे. यादवरावांना गिरणीतून पंधरा दिवसांची सुट्टी मिळाली आहे, घरीच असतात. एवढी मोठी सुट्टी त्यांना कधी मिळाली नव्हती. बिचारे दमले होते, विश्रांती होईल. आणि आता बॉयलरपाशी नाहीत, म्हणजे माझ्या डोक्यावरचे ओझेच उतरले. मंजुळाने शेवटी लिहिले आहे की जळगावच्या मोठ्या दवाखान्याजवळ भाजल्यावरचे पांढरे मलम मिळते, त्याच्या दोन मोठ्या बाटल्या कोणाबरोबर तरी पाठवा, तिकडे संपले आहे. 'आबा, तुम्ही काळजी करू नका,' असेही आहे. चुलीशी काही झाले असेल तिला. लहानपणीही धांदरटच होती.

कार्ड शेजारच्या मास्तरांच्या अक्षरात आहे. मंजुळाला लिहिता येत नाही, नेहमी यादवराव लिहितात. या वेळी मास्तरांना त्रास दिला. सुट्टीत झोपले असतील.

२४ मे, सकाळ

सुंदरबाई पेज घेऊन आल्या. मी त्यांना कार्ड वाचून दाखवले. म्हटले, बघा, देवाने वाचवले, जावई नेमके सुट्टीवर आहेत.

त्यांनी वाटी खाली ठेवली.

"नाना, परत वाचा."

परत वाचले.

"चुलीवर भाजाले दोन मोठ्या बाटल्या लागतस का?"

मी कार्ड उलटे करून पाहिले.

"नि जो मानूस दर कार्ड सोताना हातखाल लिखस, त्यानं या टाइमले दुसराकडथून का लिखाडं?"

त्यांनी पदराने माझे तोंड पुसले. मी रडत होतो हे मला तेव्हा कळले. मग म्हणाल्या, "मना भाऊ गिरधर दुपारनी गाडीखाल शिंदखेडाले जाई ऱ्हायना. फुढे दोंडाईचालोंग जाई तो. त्याले मी मलम आनाले धाडेल शे. तुम्ही चिठ्ठी लिखा. बठ्ठं लिखा, नाना. या टाइमले सहज म्हनू नका."

मला उठता येत नाही. दोनदा प्रयत्न केला. चिठ्ठी लिहिली. तिची नक्कल इथे उतरवून ठेवतो, म्हणजे उद्या मी ते लिहिलेच नव्हते असे मला म्हणता येणार नाही.

'यादवराव यांस पुना भिकाचा आशीर्वाद. आशीर्वाद द्यायची माझी लायकी राहिली नाही, पण पत्राची सुरुवात दुसरी येत नाही.

बॉयलरला लावलेला लेप धग अडवत नाही. पत्र्यांच्या पाठीला मी कथील लावले होते, धग त्याने परतवली आणि मी ती लेपाच्या नावावर लिहिली. मला हे १५ मेला कळले. १९ मेला मी मुनिमांना फोन केला आणि बोललो नाही. आज २४ आहे. मधले नऊ दिवस मी गप्प होतो. यात भिरूड साहेबांचा दोष नाही, शेठचा नाही. त्या वीस कागदांवर मोजणार म्हणून माझे नाव आहे, आणि ते वीसही कागद खोटे आहेत. नवा कागद सोबत जोडला आहे, अकरा पत्र्यांचा. तो मालकांना दाखवा. तुमच्या जागी आज बॉयलरवर जो कोणी उभा असेल, त्याच्यासमोर पडदा आजच्या आज टांगायला लावा. मालक ऐकत नसतील तर त्या माणसाला पत्र वाचून दाखवा, म्हणजे तो तरी लांब उभा राहील.

मंजुळा, तू शेजाऱ्यांना आता खरे काय ते सांग. आबांनी सांगितले म्हणून सांग.

मलमाच्या बाटल्या गिरधरकडे आहेत. चार पाठवल्या आहेत.

मास्तर, हे पत्र तुम्ही वाचून दाखवत असाल तर तुम्हाला नमस्कार. तुमचे अक्षर फार सुरेख आहे, पण मला ते नको आहे. यादवराव, मला खुशालीचे कार्ड नको. कुठे भाजले, किती भाजले, डॉक्टर काय म्हणतात, ते हवे. आणि त्याखाली तुमच्या स्वतःच्या हाताची एक ओळ. वाकडी आली तरी चालेल. ओळ जमत नसेल तर नुसते नाव, नाव जमत नसेल तर नुसती रेघ ओढा, पण उजव्या हाताने ओढा. गिरधर उद्या सकाळच्या गाडीने परत निघेल. त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका. मी इथे पडून आहे, मला उठता येत नाही. लवकर कळवा.'